सुईणीच्या तळव्यात

डॉर्कस : पोट कुठं गेलं तुझं?

केझाया : जाईल कुठं? नव्हतंच कधी.

डॉर्कस : चेष्टा नको. मी सुईण आहे, तुझी मैत्रीण नाही. नीट उताणी हो. हा शालीचा बोळा काढ आधी. आणि खाली हे काय, पेंढा?

केझाया : पेंढ्याची गुंडाळी आहे. पाद्री दारातून बघतो तेव्हा बरं दिसतं.

डॉर्कस : अगं, पानं गळायच्या दिवसांत याच बाकावर मी तुझ्या पोटाला हात लावला. आता नदीवरचा बर्फ फुटायला लागलाय. एव्हाना मूल मांडीवर हवं, नाहीतर पोट हनुवटीला लागलेलं तरी हवं. हे तर पाठीला चिकटलंय.

केझाया : मावशी, आत्ता आपण दोघीच आहोत. जेलरच्या हल्डाबाई खाली लापशी ढवळतायत. माझ्यापुढे तरी नका हो सोंग आणू. तुम्ही तेव्हा माझ्यासाठी खोटं बोललात. त्या खोट्यावर मी हा हिवाळा काढला. रोज तुमचं नाव घेऊन प्रार्थना केलीय, तेवढंच करता येतं इथून.

डॉर्कस : खोटं? मी?

केझाया : रागावू नका.

डॉर्कस : रागावू नको तर काय करू? या बंदरातली निम्मी माणसं माझ्या हातांत जन्मली. कोर्टात कुणी डॉर्कस फर्नाल्डचं नाव घेतलं की वकील खाली बसतो. मी न्यायाधीशासमोर ग्रंथावर हात ठेवून सांगितलं, मूल आहे, जिवंत आहे, हलतंय. मला लागलं म्हणून सांगितलं.

केझाया : काय लागलं?

डॉर्कस : टाच. इथं, डाव्या बरगडीखाली. चांगली दणकट लाथ होती.

केझाया : मावशी, मला भीती घालू नका.

डॉर्कस : मी कशाला भीती घालू?

केझाया : उन्हाळ्यात मला ते बाळ झालं, ते मारल्याचा आळ आला. त्याच आठवड्यात शेरीफनं मला इथं आणून टाकलं. तेव्हापासून या खोलीत पुरुष म्हणून आला तो पाद्री, आणि तोही उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून उपदेश करतो. माझ्या पोटात मूल येईल कुठून?

डॉर्कस : मग पोटुशी आहे म्हणून भर कोर्टात ओरडलीस कशाला?

केझाया : हल्डाबाईंनी शिकवलं. म्हणाल्या, फाशी सुनावली की न्यायाधीश विचारतो, काही म्हणायचंय का. तेव्हा म्हण, पोटात मूल आहे. मग बारा पंच बायका बोलावतात, त्या तपासतात, त्यात आठवडा तरी जातो. मी त्या आठवड्यासाठी बोलले. मला वाटलं, तुम्ही हात ठेवाल आणि म्हणाल, काही नाही. तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, आहे. मला वाटलं, दया आली.

डॉर्कस : मला दया फार येत नाही.

केझाया : आणि बाकीच्या बायका? त्यांनाही लागलं होतं?

डॉर्कस : बऱ्याच जणी माझ्या तोंडाकडे बघून बोलल्या. डॉर्कस म्हणते ना, मग आहे. एक ती मेहिटेबल, दोरखंडवाल्याची विधवा, तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढला. बाहेर जाऊन बादलीत धूत बसली. मला म्हणाली, आहे खरं, पण पोटात नाही. मी तिला म्हटलं, वेडी आहेस.

केझाया : काय म्हणाली?

डॉर्कस : ऐकलंस ना. पुन्हा नको बोलायला लावूस.

हल्डा : आले गं, आले. जिना कसला, जहाजाची शिडी आहे ही. दार लोटा जरा, दोन्ही हात अडकलेत. घ्या. ही मक्याची लापशी, आणि हा ग्रंथ. आज काकवी जास्त घातलीय, म्हटलं, कोण जाणे... जाऊ दे. डॉर्कस, झाली का तपासणी?

डॉर्कस : होतेय. ग्रंथ कशाला?

हल्डा : शेरीफसाहेबांनी दिलाय. खाली बसलेत, शेगडीला बूट लावून. म्हणाले, या खेपेला नुसता शब्द चालणार नाही, हात ठेवून शपथ घ्यायची, हल्डानं ती ऐकायची आणि मला येऊन सांगायची. बाईमाणसाच्या तपासणीत मी वर येणार नाही म्हणाले. तेवढी लाज आहे मेल्याला.

डॉर्कस : एवढी कसली घाई लागलीय?

हल्डा : तुला माहीत नाही? असतेस कुठं तू? जुन्या गव्हर्नरसाहेबांना लंडनला परत बोलावलंय. नवे येतायत न्यू हॅम्पशरला, पहिल्या जहाजानं. बर्फ फुटला म्हणजे जहाज आलंच समज. नवा गव्हर्नर उतरला की आधी दोन-चार कैदी सोडतो, राजेसाहेबांच्या नावानं, लोकांनी टोप्या उडवाव्यात म्हणून. आणि त्या होडीवाल्या थर्लो मालकांना तेच नकोय. कौन्सिलात त्यांचे मित्र बसतात ना. दुपारी कौन्सिल आहे. डॉर्कस म्हणाली मूल नाही, की शुक्रवारी उरकायचं. तळ्याकाठी खांबसुद्धा रोवलाय, मी बघून आले. नवा कोरा पाइन आहे, अजून चीक गळतोय त्यातून.

केझाया : हल्डाबाई, मी इथंच आहे.

हल्डा : हो गं राणी, दिसतेस मला. म्हणून तर काकवी घातली.

डॉर्कस : आणि मूल आहे म्हणाले तर?

हल्डा : तर पोटातल्याला कसं लटकवतील? मग नव्या साहेबांची वाट बघायची. तुझ्या एका शब्दावर आहे सगळं, म्हणून तर मेले खाली बसलेत. अगं बाई, झालं पुन्हा. बघ हे.

डॉर्कस : काय झालं?

हल्डा : पोलकं भिजलं. काय सांगू तुला, माझ्या धाकट्याचं दूध तोडून वर्ष होत आलं. घरी एक थेंब नाही. या खोलीत पाऊल टाकलं की हे असं. मी इथं पाऊलच टाकणार नाही, झाडझूड करायला मोलकरीण ठेवणार आहे, सांगून ठेवते.

डॉर्कस : कधीपासून होतंय?

हल्डा : ही आल्यापासून. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, भिंतींची ओल असेल. पुरुषांना काय कळतंय?

डॉर्कस : हल्डा, आटलेलं दूध पुन्हा कशानं सुटतं, माहीत आहे ना?

हल्डा : पोर रडलं की. पण इथं कोण रडतंय? उरका बायांनो, मी त्यांना थोडं सफरचंदाचं सायडर पाजते तोवर.

केझाया : गेल्या. मावशी, तुमचा चेहरा असा का झालाय?

डॉर्कस : झोप. हात ठेवू दे.

केझाया : ठेवा.

डॉर्कस : श्वास सोड. पोट सैल सोड. काही नाही. रिकामं आहे, धान्य संपलेल्या पोत्यासारखं. काहीच... थांब.

केझाया : काय?

डॉर्कस : हे बघ. हे. लागलं तुला?

केझाया : नाही.

डॉर्कस : आत्ता लाथ मारली, माझा हात उचलला गेला. तुला आतून काहीच कळलं नाही?

केझाया : शपथ मावशी, काही नाही. तुमचा हात उडाला, तो मी पाहिला. माझं पोट जागेवर आहे.

डॉर्कस : गप्प राहा जरा.

केझाया : भिंतीला काय हात लावताय?

डॉर्कस : गप्प राहा म्हटलं ना.

केझाया : हलतंय?

डॉर्कस : दगडातून लाथ मारतंय.

केझाया : म्हणजे दगडात नाही. तुमच्या हातात आहे.

डॉर्कस : त्या दिवसापासून आहे. कणीक मळताना व्हायचं. गोधडीवर हात टाकला की व्हायचं. मला वाटलं, संधिवात. म्हातारपणी शिरा उडतात. दुसऱ्या बायकांची पोटं तपासताना मी डावा हात वापरायला लागले, कारण उजव्याला सगळीच पोरं जिवंत लागायची. मेलेलंसुद्धा.

केझाया : आणि कुणाला बोलला नाहीत?

डॉर्कस : कुणाला बोलू? पाद्र्याला? सुईणीच्या हातात भूत आहे म्हणाले असते, आणि खांबाला दुसरा दोर बांधला असता.

केझाया : मावशी, मी तुमच्या फाटकापर्यंत आले होते.

डॉर्कस : कधी?

केझाया : त्या संध्याकाळी. कळा सुरू झाल्या होत्या. तुमच्या सरपणाच्या ढिगामागे उभी होते. तुम्ही अंगणात कोंबड्या कोंडत होता. फाटकाची कडी हातात होती माझ्या.

डॉर्कस : मग आत का नाही आलीस, मूर्ख पोरी?

केझाया : तुम्ही विचारता म्हणून.

डॉर्कस : काय विचारते?

केझाया : बाप कोण. कळा अगदी भरात आल्या की तुम्ही खाली हात धरता आणि विचारता, बाप कोण. आणि सांगेपर्यंत मदत करत नाही.

डॉर्कस : तो कायदा आहे. लग्नावाचून पोर झालं तर सुईणीनं विचारायचं. त्या वेळी बाई खोटं बोलू शकत नाही, म्हणून तेवढंच कोर्ट खरं धरतं. नंतर कितीही नावं घेतली तरी म्हणतात, सूड उगवतेय. तुझ्या भल्याचंच होतं ते. नाव सांगितलं असतंस तर त्याला पोराचं खाणंपिणं द्यावं लागलं असतं.

केझाया : हो ना. आणि माझी आई बेटावर त्याच माणसाच्या झोपडीत राहते. भाऊ त्याच्या होडीवर जातो. मी नाव घेतलं असतं तर त्या रात्री दोघं उघड्यावर आले असते, खडकावर, वाऱ्यात. मला वाटलं, एकटीच निभावून नेईन. बेटावरच्या बायका निभावतात.

डॉर्कस : त्यांच्याजवळ दुसऱ्या बायका असतात.

केझाया : मी मिठाच्या कोठारात गेले. एप्रन तोंडात कोंबला. उकिडवी बसले. आणि ते पडलं मावशी. फळ्यांवर. कुणी धरलं नाही. मी भिंतीला धरलं होतं, माझे हात पुरले नाहीत.

डॉर्कस : पुढचं माहीत आहे. मिठाच्या पिंपात ठेवलंस.

केझाया : आमच्याकडे जे जपायचं ते मिठातच ठेवतात. मला वाटलं, बेटावर जाणारी होडी मिळाली की नेईन, आजीशेजारी पुरेन. तोवर खराब होऊ नये. न्यायाधीशासमोर आणलं तेव्हा ते जसंच्या तसं होतं, गालसुद्धा. ते म्हणाले, इतकं धडधाकट मूल मेलेलं जन्मेल कसं? साक्षीदार आण. एक तरी माणूस आण, ज्यानं ते मेलेलं जन्मताना पाहिलं. मी मीठ घातलं नसतं तर कदाचित सुटले असते.

डॉर्कस : तू काय सांगितलंस कोर्टात?

केझाया : मेलेलंच झालं म्हणून सांगितलं. पण खरं सांगू? मला माहीत नाही. कानात समुद्र घुमत होता. मग सगळं काळं झालं. शुद्धीवर आले तेव्हा ते गार होतं. रडलं असेल आणि मला ऐकू आलं नसेल, तर? मग न्यायाधीशाचं काय चुकलं? पाद्री रोज विचारतो, पश्चात्ताप होतो का? मी म्हणते, कशाचा ते कळलं तर होईल.

डॉर्कस : रडू नकोस.

केझाया : त्याला हात मिळाले नाहीत मावशी. ते तुमच्या फाटकातून परत फिरलं. मग तुम्ही इथं आलात, हात ठेवलात, आणि त्याला ते सापडले.

डॉर्कस : बडबड करतेस.

केझाया : आत्ताही हलतंय?

डॉर्कस : हो.

केझाया : मग घ्या त्याला. बाहेर घ्या. किती दिवस असं राहील ते?

डॉर्कस : शुद्धीवर आहेस का? इतका वेळ काय ऐकत होतीस? हे हातात आहे तोवर मी शेरीफला खरं बोलू शकते. हलतंय म्हणू शकते. एकदा याला मोकळं केलं की माझ्याजवळ सांगायला काय राहिलं? मी ग्रंथावर हात ठेवून खोटं बोलणारी बाई नाही, तुला आत्ताच सांगितलं. शुक्रवारी तुला तळ्यावर नेतील.

केझाया : ऐकलं मी.

डॉर्कस : जहाज आठ-पंधरा दिवसांवर आलंय. तोवर राहू दे त्याला माझ्या हातात. माझी काही तक्रार नाही. इतके दिवस सोसलं, अजून सोसेन.

केझाया : आणि नव्या साहेबानं मला सोडलं, आणि तोवर ते कंटाळून गेलं, तर? पुन्हा त्याला कुठं शोधू? मावशी, मला जगायचंय हो. रोज सकाळी खिडकीतून बर्फ बघते, आज किती फुटला म्हणून. पण मी इथं काकवी घातलेली लापशी खाते आणि ते दगडावर लाथा मारतंय. कुठल्या आईला हे चालेल? तुमच्या आईला चाललं असतं?

डॉर्कस : माझ्या आईचं नाव काढू नकोस.

केझाया : घ्या ना. मी सांगतेय ना, घ्या.

हल्डा : शेरीफसाहेबांचा एक पेला झाला, दुसरा निम्मा झाला. विचारतायत, सुईण तिथंच मुक्काम करणार का. काय सांगू?

डॉर्कस : सांग, थांबा म्हणावं. नाही, तू जाऊ नकोस. दार लाव. इकडे ये. हिच्या मागे बस, बगलेत हात घालून धर हिला. बाळंतिणीला धरतात तशी.

हल्डा : बाळंतीण? हिचं तर पोटच नाहीये. डॉर्कस, काय चाललंय?

डॉर्कस : सांगितलं तेवढं कर. पुढे आयुष्यभर बोलायला मिळेल तुला, आत्ता तोंड मीट. केझाया, उकिडवी बस. तशीच, त्या दिवशी बसली होतीस तशी. एप्रन सोड. तोंडात काही घ्यायचं नाही आज.

केझाया : मग काय करू?

डॉर्कस : ओरड. कळ आली की ओरडायचं. कुणी ऐकलं तर ऐकू दे, तुरुंग आहे हा.

केझाया : कळ कशी येईल, पोटात काही नसताना... आई गं.

हल्डा : डॉर्कस, हिचं अंग कडक झालं. खरंच कळ आलीय हिला.

डॉर्कस : माहीत आहे. धर तू. माझे दोन्ही हात खाली आहेत केझाया, बघ, दिसतायत तुला? इथंच आहेत. हलणार नाहीत.

केझाया : विचारा.

डॉर्कस : काय?

केझाया : बाप कोण ते. आता विचारायची वेळ आहे ना?

डॉर्कस : आज विचारणार नाही.

केझाया : कायदा आहे म्हणालात.

डॉर्कस : असू दे. आज नाही विचारत. तू फक्त जोर कर.

केझाया : थर्लो मालक. मावशी, थर्लो मालकांचं आहे.

डॉर्कस : मी विचारलं नव्हतं.

केझाया : मला सांगायचं होतं.

हल्डा : थर्लो? कौन्सिलात ज्यांचे मित्र बसतात ते? आणि तेच घाई लावतायत?

डॉर्कस : हल्डा, धर. आलं. केझाया, ओरड. मोठ्यानं. अजून मोठ्यानं. ये रे बाळा, ये. ये इकडे. आहेत हात. आलं, आलं, धरलं. धरलं मी.

हल्डा : डॉर्कस, ही मान टाकतेय. डॉर्कस, ही पडली.

डॉर्कस : हळूच आडवी कर. श्वास आहे?

हल्डा : आहे. बेशुद्ध आहे, पण आहे. देवा, तुझ्या हातात काय आहे?

डॉर्कस : तुला काय दिसतंय?

हल्डा : काही नाही. पण तुझी बोटं वाकलीयत. वजन असल्यासारखी.

डॉर्कस : वजन आहे. चांगलं भरलेलं मूल आहे. गरम आहे. ऐकलंस तू?

हल्डा : मला विचारू नकोस.

डॉर्कस : हल्डा, ऐकलंस की नाही? मी म्हातारी आहे, माझे कान खोटं बोलत असतील.

हल्डा : ऐकलं. हिच्या ओरडण्याच्या खाली. बारीक. तीन-चार वेळा. माझं सगळं पोलकं वाहतंय, कमरेपर्यंत ओली झालेय मी. रडलं ते डॉर्कस. जिवंत होतं.

डॉर्कस : हो. जिवंत होतं. कुणी धरलं असतं तर जगलं असतं. फाटकापासून माझ्या दारापर्यंत दहा पावलं नाहीत.

हल्डा : आता? आता रडत नाहीये.

डॉर्कस : आता हलकं होतंय. तो पदर दे, एप्रनचा. गुंडाळते. झालं. बघ. हात लाव.

हल्डा : मी नाही लावणार.

डॉर्कस : काही नाही आता. गेलं. माझा हात... कित्येक महिन्यांत असा गप्प नव्हता.

हल्डा : खालून हाक मारतायत. शेरीफसाहेब उठले. डॉर्कस, काय सांगू मी? हो की नाही, एवढंच हवंय त्यांना.

डॉर्कस : ग्रंथ आण.

हल्डा : डॉर्कस, विचार कर. तूच म्हणतेस, तू कधी...

डॉर्कस : आण म्हटलं ना. नीट ऐक, तुला ऐकायला पाठवलंय. मी, डॉर्कस फर्नाल्ड, राजेसाहेबांच्या न्यू हॅम्पशर प्रांतातली शपथ घेतलेली सुईण, देवाला साक्षी ठेवून सांगते. केझायाच्या पोटात जिवंत मूल आहे. आज माझ्या या हाताला लागलं. दिवस भरायला अजून अवकाश आहे, माझी तेव्हा मोजण्यात चूक झाली. जा. असंच सांग, शब्दात फरक नको.

हल्डा : ग्रंथावरची शपथ आहे ही.

डॉर्कस : असू दे. पुढचं देव आणि मी बघून घेऊ. तो तिथं असेल तर त्यानंही आत्ता ऐकलंच असेल. जा. आणि शाल घे पुढून, पोलकं दिसतंय.

(हल्डा खाली जाऊन बऱ्याच वेळानं परत येते.)

हल्डा : गेले. घोड्याला इतकी टाच मारली की अंगणात चिखल उडाला. म्हणाले, डॉर्कस फर्नाल्डला मोजता येत नाही हे आज कळलं. म्हणाले, आता नवे साहेब उतरेपर्यंत काही करता येणार नाही, आणि थर्लो मालक माझ्यावर डाफरणार. मी म्हटलं, डाफरू देत.

डॉर्कस : अजून काही बोललीस?

हल्डा : एक शब्द नाही. तू काहीही म्हण माझ्या तोंडाबद्दल, आज एक शब्द नाही.

डॉर्कस : आणि बोलूही नकोस. हिला तर कधीच नाही.

हल्डा : काय नाही बोलायचं हिला?

डॉर्कस : कळलंय तुला.

हल्डा : हो. कळलं.

केझाया : मावशी.

डॉर्कस : आहे मी. उठू नकोस, चक्कर येईल.

केझाया : गेलं का ते?

डॉर्कस : गेलं. हात रिकामा आहे. बघ.

केझाया : आणि शेरीफ?

डॉर्कस : तोही गेला. शुक्रवार टळला. जहाज आलं की मीच नव्या साहेबाकडे जाणार आहे. कळांमध्ये घेतलेलं नाव दोन बायकांनी ऐकलंय, ते सांगायचंय मला त्यांना.

केझाया : म्हणजे तुम्ही ग्रंथावर हात ठेवून...

डॉर्कस : दमलीस तू. बोलू नकोस.

केझाया : एकच विचारते. मी ओरडत होते, मला काही ऐकू आलं नाही. तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून तुम्हालाच विचारते. रडलं का ते?

डॉर्कस : केझाया, तुला मी...

हल्डा : नाही गं. मी तुझ्या पाठीशी तर बसले होते. अगदी शांत होतं.

केझाया : नक्की, हल्डाबाई?

हल्डा : नक्की. खा आता थोडं, लापशी पार गार झालीय.